अँड्रॉइड कोणाचं? मोकळा कोड आणि बंद बाजार

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आयोजकांनी विषय जरा लांबरुंद दिला होता, मी तो आखूड करून घेतलाय. ग्राहकाचं तंत्रज्ञान, ओपन सोर्स आणि बाजारातली स्पर्धा, या तिन्हींवर एका तासात बोलायचं तर हाताशी एखादं ठोस उदाहरण हवं. ते तुमच्यापैकी बहुतेकांच्या खिशात आहे.

अँड्रॉइड ओपन सोर्स आहे असं आपण २००८ पासून ऐकतोय. ते खरं आहे. कोड उतरवून घ्या, वाचा, बदला, स्वतःचा फोन बनवा, कोणी अडवणार नाही. आणि तरी आज दुकानात गेलात तर गूगलशिवायचं अँड्रॉइड तुम्हाला मिळत नाही. हेही खरंच. या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात कशा? माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. कोड परवान्याने मोकळा होतो, पण बाजार करारांवर चालतो. मुक्त सॉफ्टवेअरवाली आपली मंडळी परवाना ओळ न् ओळ वाचतात, कराराकडे बघत नाहीत. स्पर्धा कायद्यावाले करार वाचतात, पण खरी किल्ली कोडमध्ये कुठे दडलीय ते त्यांच्या हातून निसटतं. या दोघांच्या मधल्या फटीत गूगल गेली पंधरा-सतरा वर्षं आरामात बसलंय.

थोडा इतिहास, भरभर सांगतो. २००५ मध्ये गूगलने अँड्रॉइड नावाची छोटी कंपनी विकत घेतली. ५ नोव्हेंबर २००७ ला ३४ कंपन्यांची आघाडी जाहीर केली, पुढच्या वर्षी पहिला फोन आणि कोड दोन्ही बाहेर आले. तळाशी लिनक्स कर्नल, त्याचा परवाना जीपीएल. म्हणजे बदल करून फोन विकलात तर ते बदल दाखवावे लागतात. पण त्याच्या वरचा बहुतेक भाग अपाची परवान्याखाली. त्यात तुम्ही केलेले बदल झाकून ठेवायची मुभा आहे. फोन कंपन्यांना हे फारच सोयीचं होतं, आणि गूगललाही. हा बारकावा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता श्रेय द्यायचं तिथे देऊ. त्या काळात विंडोज मोबाइलसाठी दर फोनमागे पैसे मोजावे लागत. जावाचे गेम एका नोकियावर चालायचे, दुसऱ्या नोकियावर अडायचे. त्या गोंधळातून अँड्रॉइडने बाहेर काढलं. मायक्रोमॅक्स, कार्बन, लाव्हा यांना स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहिणं कधीच परवडलं नसतं. स्वस्त फोन आले, त्यावर मराठी दिसायला लागली, पुढे लिहिता यायला लागली, बोलून टाइप करता यायला लागली. गावाकडच्या ज्या माणसाने आयुष्यात संगणक पाहिला नाही त्याच्या हातात इंटरनेट आलं. हे झालं, आणि कोड मोकळा असल्यामुळे झालं. यात गूगलचा धंदा होता म्हणून ते खोटं ठरत नाही.

मग बिघडलं कुठे?

शेतीचं उदाहरण देतो, पटकन कळेल. जमीन तुमची, सातबारा तुमच्या नावावर, एक पैसा न देता मिळालेली. पण शेतात जायची वाट दुसऱ्याच्या बांधावरून. त्याने कुंपण घातलं की सातबारा घेऊन काय चाटायचाय? अँड्रॉइडचा कोड हा सातबारा. वाट म्हणजे प्ले स्टोअर, आणि त्याहून महत्त्वाची, प्ले सर्व्हिसेस.

प्ले स्टोअर सगळ्यांना माहीत आहे. प्ले सर्व्हिसेस हे नाव तुम्ही बहुधा फक्त बॅटरी कोण खातंय त्या यादीत पाहिलं असेल. (हशा) २०१२ पासून गूगलने हे एक ॲप फोनमागे फोन बसवत नेलं. ते ओपन सोर्स नाही. ॲपला नोटिफिकेशन पोचवणं, तुम्ही कुठे आहात ते चटकन सांगणं, ॲपच्या आत नकाशा दाखवणं, गूगलच्या खात्याने लॉगिन, पैसे भरणं, ही कामं त्याच्यातून होतात. ॲप लिहिणारा मुलगा पुण्यात बसलेला असो की ब्राझीलमध्ये, तो याच सोयी गृहीत धरून लिहितो. सगळ्या फोनांवर त्या असतातच, मग तो वेगळं कशाला लिहील? परिणाम असा की मोकळ्या अँड्रॉइडवर ते ॲप टाकलं की नकाशाच्या जागी पांढरा चौकोन येतो, नाहीतर ॲप उघडतच नाही.

आणि हे हळूहळू झालं. कीबोर्ड, कॅलेंडर, सर्च, संगीताचं ॲप, यांच्या मोकळ्या आवृत्त्या सुरुवातीला होत्या. गूगलने त्यांच्या बंद आवृत्त्या काढल्या, सगळी मेहनत तिकडे वळवली आणि मोकळ्या आवृत्त्या वाळत टाकल्या. कोणी चोरी केली नाही, परवाना मोडला नाही. जे मोकळं होतं ते आजही मोकळं आहे, फक्त जीव दुसरीकडे गेलाय.

आता करार. तीन आहेत. पहिला: प्ले स्टोअर हवं? मग सर्च, क्रोम, यूट्यूब, मॅप्स, जीमेल, सगळा संच घ्या, आणि सर्चची पट्टी पहिल्या पडद्यावर ठेवा. दुसरा: तुम्ही अँड्रॉइडला फाटा फोडून, म्हणजे ज्याला फोर्क म्हणतात तसं करून, गूगलच्या कसोटीत न बसणारा फोन काढायचा नाही. तिसरा: प्रतिस्पर्धी सर्च इंजिन फोनमध्ये आधीपासून टाकलं नाहीत तर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा देऊ.

लोक तिसऱ्यावर चिडतात कारण त्यात पैसा दिसतो. आणि पैसा प्रचंड आहे. अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं की फोन आणि ब्राउझरवर डिफॉल्ट सर्च म्हणून राहण्यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर वाटले. पण माझ्या मते घातक करार दुसरा. तो एका मॉडेलपुरता नव्हता, तुमच्या सगळ्या मालावर होता. दहा फोन गूगलवाले आणि अकरावा प्रयोग म्हणून वेगळा, असं चालणार नाही. एक प्रयोग केलात तर दहाही धोक्यात. हे कळल्यावर कुठला कारखानदार प्रयोग करेल?

उदाहरण आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये एसर कंपनी चीनमध्ये अलीबाबाच्या अलियुन या सिस्टीमवरचा फोन आणणार होती. कार्यक्रम ठरला, पत्रकारांना बोलावणी गेली आणि ऐनवेळी कार्यक्रम रद्द. अलीबाबाने सांगितलं की गूगलने एसरला दम दिला. गूगलचं म्हणणं, अलियुन हे अँड्रॉइडचंच विसंगत रूप आहे आणि एसर आमच्या आघाडीची सदस्य आहे. अलीबाबा म्हणे, आमचं अँड्रॉइड नाहीच. त्या वादात कोण बरोबर ते बाजूला ठेवा. फोन आला नाही, एवढं खरं. ॲमेझॉननेही अँड्रॉइडला फाटा फोडून फायर ओएस बनवलं, पण मोठे कारखानदार त्यावर फोन बनवायला मोकळे नव्हते. युरोपीय आयोगाने २०१८ च्या निकालात हाच मुद्दा घेतला आणि ४३४ कोटी युरोंचा दंड ठोकला. पुढे २०२२ मध्ये तो ४१२.५ कोटींवर आला.

पण सगळ्यात बोलकं उदाहरण कुठल्या स्पर्धा आयोगाने तयार केलेलं नाही, ते अमेरिकेच्या राजकारणाने तयार केलं. हुआवे. मे २०१९ मध्ये अमेरिकी सरकारने हुआवेला काळ्या यादीत टाकलं. ती तेव्हा जगातली दुसऱ्या क्रमांकाची स्मार्टफोन कंपनी. पैसा अमाप, इंजिनियर हजारो. आता गंमत बघा. अँड्रॉइडचा मोकळा कोड त्यांच्याकडून कोणी काढून घेतला नाही, घेऊ शकतही नव्हतं, कारण तो मोकळा आहे. फक्त गूगलची बंद ॲप्स गेली. सप्टेंबरमध्ये म्युनिकला त्यांनी मेट ३० दाखवला, उत्तम फोन, कॅमेऱ्याचं कौतुक झालं. आणि चीनबाहेर त्यांचा धंदा कोसळला. लोकांना यूट्यूब हवं होतं, नकाशे हवे होते, बँकेचं ॲप चालायला हवं होतं.

जगातला दुसऱ्या क्रमांकाचा उत्पादक मोकळ्या कोडावर उभा राहू शकला नाही. आणि आमचे मित्र अजून म्हणतात, "आवडत नसेल तर फोर्क करा की!"

याच कंपनीचे तेच फोन चीनमध्ये मात्र खपत राहिले. का? तिथे गूगल नव्हतंच. तिथला प्रत्येक ॲप लिहिणारा गूगलशिवाय काम भागवायला शिकलेला, आणि प्रत्येक फोन कंपनीचं स्वतःचं ॲप दुकान. कोड तोच, बाजार निराळा. चीनचं कौतुक म्हणून हे सांगत नाही, तिथल्या सेन्सॉरशिपचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

जरा घराकडे येऊ. मुंबईत आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी इंडस ओएस काढलं. अँड्रॉइडवरच आधारलेलं, पण भारतीय भाषा डोळ्यांसमोर ठेवून. मराठीसकट बारा भाषा. कीबोर्डवर बोट सरकवलं की इंग्रजी मजकुराचं भाषांतर किंवा लिप्यंतर. मायक्रोमॅक्ससारख्यांच्या स्वस्त फोनांवर ते चाललं, चांगलं चाललं. मोकळ्या कोडाशिवाय असं काही तिघा-चौघा मुलांना जमलंच नसतं, हे मी ठासून सांगेन. पण २०१६ नंतर चिनी कंपन्या आल्या, भारतीय ब्रँड मागे पडले आणि इंडसचं वाहनच गेलं. याचा दोष गूगलवर टाकणं बरोबर नाही. मात्र एवढं दिसतं की आत शिरायला कोड पुरला, टिकायला पुरला नाही. कंपनी पुढे ॲप दुकानाकडे वळली, मग फोनपेने ती घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस ॲपस्टोअर सुरू झालं. म्हणजे गूगलच्या दुकानाला आव्हान देणारा कोण? वॉलमार्टच्या मालकीची कंपनी, जिच्याकडे गूगल पेसोबत यूपीआयचे ऐंशी टक्क्यांहून जास्त व्यवहार आहेत. एका ॲपकडे तीस टक्क्यांहून जास्त व्यवहार नकोत असा नियम २०२० मध्येच आला होता, त्याची मुदत ढकलत ढकलत २०२६ च्या शेवटापर्यंत नेलीय. एका गल्लीतला पीडित दुसऱ्या गल्लीतला दादा असतो, हे विसरून चालत नाही.

जिओचंही तेच. २०१७ चा जिओफोन आठवतो? दीड हजार रुपये अनामत. त्यातलं कायओएस हे फायरफॉक्स ओएसच्या मोकळ्या कोडातून आलेलं. मोझिलाने वेबच्या मोकळेपणासाठी जे उभारलं ते आपल्याकडे पोचलं ते जिओचंच सिम चालणाऱ्या फोनात बसून. पुढच्या वर्षी गूगलने कायओएसमध्ये पैसे घातले, २०२० मध्ये जिओमध्ये ३३,७३७ कोटी, आणि २०२१ चा जिओफोन नेक्स्ट आला तो अँड्रॉइडवर. संपला विषय.

आता भारतीय स्पर्धा आयोगाचा खटला, कारण माझी खरी तक्रार इथे आहे. सुरुवात कुठल्या बड्या प्रतिस्पर्ध्याने केली नाही, तिघा तरुण ग्राहकांच्या तक्रारीवरून झाली. २०१९ मध्ये चौकशीचा हुकूम निघाला. २० ऑक्टोबर २०२२ ला निकाल: १३३७.७६ कोटींचा दंड आणि त्यासोबत सूचनांची यादी. गूगलने नंतर आरोप केला की आयोगाने युरोपच्या निकालातून उतरवलं. असेल थोडंफार. पण एका बाबतीत आपला आयोग युरोपच्या पुढे गेला होता. त्याने सांगितलं, प्ले सर्व्हिसेसच्या ज्या एपीआय आहेत, म्हणजे ॲपने त्या सोयी मागायच्या ज्या खिडक्या आहेत, त्या नाकारून गूगलने इतर उत्पादकांना, ॲपवाल्यांना आणि प्रतिस्पर्ध्यांना अडवायचं नाही. आयोगाने नेमकं बांधावरच्या वाटेवर बोट ठेवलं होतं.

मग अपील. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्थगिती द्यायला नकार दिला, आणि त्याच आठवड्याभरात गूगलने बदल जाहीर केले: कंपन्यांना ॲप्स सुटी घेता येतील, फाटा फोडलेले फोन काढता येतील, ग्राहकाला सर्च इंजिन निवडता येईल. २९ मार्च २०२३ ला राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाचा निकाल आला. दंड कायम. बहुतेक सूचनाही कायम. चार मात्र रद्द. त्या चारात एपीआयची सूचना होती. दुसरी, आधीच टाकलेली ॲप्स ग्राहकाला काढून टाकता यावीत ही. तिसरी, दुसऱ्यांची ॲप दुकानं प्ले स्टोअरवर ठेवू देण्याची. चौथी, प्ले स्टोअरबाहेरून ॲप घेताना अडथळे न आणण्याची.

वर्तमानपत्रांत मथळा काय? "गूगलला दणका, दंड कायम." मी म्हणतो, दंड माफ केला असता आणि ती चार कलमं ठेवली असती तर खरा दणका होता. गूगलसाठी हजार-तेराशे कोटी हा किरकोळ खर्च आहे. आपल्याकडे शेतात जायची वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदाराकडे जाता येतं, त्यासाठी १९०६ पासून मामलेदार न्यायालयांचा कायदा आहे. तहसीलदार अडवणाऱ्याला नुसता दंड करून थांबत नाही, वाट मोकळी करून देण्याचा आदेश देतो. इथे उलटं झालं.

गूगलची बाजू काय होती? प्ले सर्व्हिसेस ही आमची मालमत्ता, आमच्या पैशाने बांधलेली, ती दुसऱ्यांना का द्यावी? प्रश्न योग्य आहे. फुकट द्या असं मीही म्हणणार नाही. वाजवी दर आकारा. युरोपात २०१८ च्या निकालानंतर फोन कंपन्यांना ॲप्स पैसे घेऊन द्यायची व्यवस्था गूगलनेच केली. भारतात टीव्हीच्या प्रकरणात एप्रिल २०२५ मध्ये तडजोड झाली, त्यातही प्ले स्टोअर आणि प्ले सर्व्हिसेस बाकीच्या गाठोड्याशिवाय, शुल्क घेऊन द्यायचं गूगलने मान्य केलं. मग दर ठरवून देणं अशक्य आहे असं कसं म्हणता?

दुसरा युक्तिवाद विखुरलेपणाचा. प्रत्येकाने आपापलं अँड्रॉइड केलं तर ॲप कुठे चालेल, कुठे नाही. जावाच्या दिवसांची आठवण मीच काढली, त्यामुळे हा मुद्दा उडवून लावणार नाही. पण सुसंगतीची कसोटी ठेवणं वेगळं आणि त्या कसोटीत नापास झालेला फोन तुमच्या इतर फोनांना नडणं वेगळं.

तिसरा, सुरक्षेचा. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल येते, काका उघडतात आणि खातं रिकामं होतं. हे आपल्या आसपास घडतंय. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की यापुढे प्ले स्टोअरबाहेरच्या ॲपच्या कर्त्यालाही आमच्याकडे ओळख पटवावी लागेल, सुरुवात २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडपासून. एफ-ड्रॉइडसारख्या मुक्त ॲपच्या भांडारांनी कडाडून विरोध केला, मग जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू असं गूगल म्हणालं. चोर आहेत हे कबूल. पण गावच्या वेशीवर पहारेकरी म्हणून त्याच दुकानदाराला बसवायचं, ज्याची इतर दुकानदारांशी स्पर्धा आहे? त्यातच मार्च २०२५ पासून अँड्रॉइडचं कामही बंद दाराआड चालतं, कोड बाहेर येतो तो आवृत्ती तयार झाल्यावर.

आता आपल्या मंडळींबद्दल. जुन्या फोनवर लिनेजओएस टाकून द्या असं सांगणारे माझे मित्र आहेत, ते काम उत्तमच आहे, कंपनीने वाऱ्यावर सोडलेला फोन चार वर्षं जास्त जगतो. पण टाकल्यावर बँकेचं ॲप म्हणतं, तुमचा फोन सुरक्षित नाही. का? कारण अनेक ॲप्स फोनचा खरेपणा गूगलच्या प्रमाणपत्रावर तोलतात. फोनच्या चिपमधूनच खातरजमा करायची सोय अँड्रॉइडमध्ये आहे, ती वापरली तर गूगलचा शिक्का लागत नाही. ही मागणी बँकांकडे, रिझर्व्ह बँकेकडे कोणी करायची? आपणच. सरकारी ॲप प्ले सर्व्हिसेसशिवाय चाललं पाहिजे, आणि ते प्ले स्टोअरखेरीज सरकारच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही मिळालं पाहिजे, हीसुद्धा. कर भरणाऱ्याने गूगलचं खातं काढल्याशिवाय सरकारी सेवा मिळू नये, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय?

एक तुलना करून आवरतो. यूपीआयचा कोड तुम्ही-आम्ही पाहिलेला नाही. तरी फोनपेवरून गूगल पेवर पैसे जातात, भीमवरून कुठेही जातात, ॲप बदलायला पाच मिनिटं लागतात. कारण जोडणीचे नियम एकाने ठरवले आणि सगळ्यांवर बांधले. अँड्रॉइडचा कोड उघडा आहे आणि जोडणी एका कंपनीच्या मर्जीवर. मघाशी सांगितलं तसं यूपीआयमध्येही दोघांचीच चलती आहे, म्हणजे जोडणीने सगळं सुटतं असं नाही. पण तिथे उद्या तिसरा आला तर त्याला वाट तरी आहे.

निकालाविरुद्ध दोन्ही बाजू सर्वोच्च न्यायालयात गेल्या आहेत. दंडाच्या आकड्याची बातमी येईल तेव्हा पुढेही वाचा, एपीआयच्या सूचनेचं काय झालं ते शोधा. प्रश्न असतील तर घेऊ, माइक मागे द्या.